स्ट्रेस इको करायला जाताय? या चुका टाळा

स्ट्रेस इको म्हणजे फिरत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) चालवून ठोके वाढवायचे आणि लगेच सोनोग्राफीसारखी हृदयाची चित्रं घ्यायची. त्यासाठी चोपडा, यावल, शहाद्याहून पहाटेची एसटी धरायची, जळगाव-धुळ्यात नंबर लावायचा आणि शेवटी शेरा काय, तर ‘ठोके पुरेसे वाढले नाहीत’. बहुतेक वेळा हे टाळता येतं.

सगळ्यात मोठी चूक गोळ्यांची. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल या रक्तदाबाच्या, हृदयाच्या गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत. २२० मधून वय वजा करा, त्याचे ८५ टक्के म्हणजे लक्ष्य. साठीच्या माणसाला मिनिटाला १३६ ठोके हवेत. ११० वरच दमला, तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी त्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. म्हणून रिपोर्टात कमाल ठोके किती झाले ते आधी बघा. गोळी साधारण २४ ते ४८ तास आधी थांबवतात, पण काहींची मुद्दाम चालू ठेवतात. तारीख घेतानाच डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बंद करू नका, छातीतलं दुखणं उफाळू शकतं.

दुसरी चूक पट्टा थांबल्यावर होते. व्यायामानंतरची चित्रं ६० ते ९० सेकंदांत घ्यावी लागतात. रक्त कमी पडल्याने मंदावलेली हृदयाची भिंत विश्रांती मिळताच पुन्हा नीट हलू लागते, आणि दोष निसटतो. तेव्हा पाणी मागत उभं राहू नका, लगेच टेबलावर डाव्या कुशीवर व्हा. ‘श्वास सोडा, धरा’ म्हटलं की तसंच करा. फुप्फुसातली हवा मधे आली की चित्र पुसट होतं. घरी अहिराणी बोलणाऱ्या आजीकडून हे आदल्या दिवशीच दोन-चारदा करून घ्या. साडीऐवजी सलवार आणि समोरून उघडणारा सदरा बरा. चपला नकोत, बूट हवेत.

छातीला तेल, पावडर नको, इलेक्ट्रोड (छातीवर चिकटवायच्या ईसीजीच्या पट्ट्या) सुटतात. खान्देशातल्या मे महिन्यात तर घामानेच निघतात, त्यामुळे जागा कोरडी पुसून घ्यायला सांगा. तीन-चार तास आधी काही खाऊ नका, घोटभर पाणी चालतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या दिवशीचा डोस विचारूनच घ्यावा.

गुडघे दुखत असतील तर लपवू नका. चालणं जमत नसेल तर शिरेतून ठोके वाढवणारं औषध, डोब्युटामाइन, देतात: किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅमपासून, दर तीन मिनिटांनी वाढवत ४० पर्यंत. तरीही ठोके कमी पडले तर ॲट्रोपिन हे दुसरं औषध. काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडत असेल तर ॲट्रोपिनने त्रास वाढू शकतो, म्हणून सुई लावण्याआधीच सांगा.

आणि बसल्या जागी छातीत दुखतंय, घाम फुटतोय, तर या तपासणीची तारीख धरून बसू नका. १०८ ला फोन करा.