कौलारू घरात लाकडाची शेगडी: आधी धुराची वाट, मग शेगडी

थंडीत वेण्णा तलावाकाठी दव गोठतं आणि पावसाळ्यात गाद्यासुद्धा ओलसर लागतात. म्हणून महाबळेश्वर-पाचगणीपासून कास-बामणोलीपर्यंतच्या पट्ट्यात बंद दाराची लोखंडी शेगडी घ्यावी, असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. इंग्रजांच्या काळातल्या बंगल्यांना विटांचं धुराडं असतं. आपल्या कौलारू घरात चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा आणि तेवढ्यावर भागायचं. बंद शेगडीचं तसं भागत नाही, तिला पाइपच लागतो. खर्चाचे निम्मे पैसे पाइपसाठी बाजूला काढून मगच शेगडी बघायला जावं.

सुरुवात छपरापासून करा. भिंतीला भोक पाडून पाइप बाहेर काढला की काम झालं, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तो पाइप बाहेरच्या धुक्यात गार पडतो, धुराची ओढ मंदावते आणि आत डांबरासारखी काजळी धरते. जूनमधला पश्चिमेचा वारा तर धूर उलटा घरात ढकलतो. पाइप जितका सरळ, उंच आणि घराच्या उबेत, तितकी ओढ चांगली. आढ्याजवळ, शक्यतो पूर्वेकडच्या पाख्यात दोन वाशांमधली मोकळी जागा शोधा आणि तिथून ओळंबा सोडा. ओळंबा टेकेल ती शेगडीची जागा. वळणं टाळाच, घ्यावीच लागली तर दोन एल्बोंच्या पुढे जाऊ नका. शेगडीचं तोंड, म्हणजे जिथं पाइप बसतो, तिथून पाइपच्या टोकापर्यंत एकूण उंची निदान १५ फूट हवी.

शेगडीखाली फरशी, शहाबादी किंवा विटांचा थर हवा आणि दारापुढे तो दीड फूट बाहेर यायला हवा, कारण निखारा तिथंच पडतो. जांभ्याची किंवा विटांची उघडी भिंत मागं असली तर चिंता नाही. प्लायवूड, लाकडी कपाट, पडदा यांच्यापासून मात्र शेगडी तीन फूट आणि एकपदरी पाइप दीड फूट दूर ठेवा.

पाइपचा व्यास शेगडीच्या तोंडाइतका ठेवा, सहसा सहा इंच. तो वर कुठेही कमी करायचा नाही. खोलीतला भाग जाड काळ्या लोखंडी पत्र्याचा चालतो. जस्ती पाइप आत नको, तापल्यावर जस्ताची विषारी वाफ निघते. बिनधुराच्या चुलींना पूर्वी सिमेंटचे पाइप लावत. शेगडीच्या उष्णतेनं ते तडकतात आणि त्यातलं अ‍ॅस्बेस्टॉस फुप्फुसाला घातक आहे. जोड देताना वरच्या पाइपचं टोक खालच्या पाइपच्या आत बसलं पाहिजे. धूर वर जातो म्हणून फॅब्रिकेटर हमखास उलटं करतो, मग ओघळलेली काजळी जोडातून बाहेर झिरपते. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू मारा.

छत ओलांडण्याची जागा सगळ्यात नाजूक. माळ्याच्या खाली एक फुटापासून वर टोकापर्यंत पाइप दुपदरी हवा: आत-बाहेर स्टेनलेस स्टील, मध्ये रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी लोकर. तयार दुपदरी पाइपसोबत किती अंतर सोडायचं ते लिहिलेलं असतं. सातारा एमआयडीसीत किंवा वाईत फॅब्रिकेटरकडून करून घेतलात, तर वासे, रिपा आणि माळ्याच्या फळ्या यांच्यापासून चहूबाजूंनी निदान सहा इंच मोकळे सोडा. आड येणारी रीप कापून बाजूला आडवा तुकडा ठोका, वाशाला हात लावू नका. मोकळ्या जागेत काहीही कोंबायचं नाही, खालून पत्र्याची चौकट लावायची.

आता पाणी. वर्षाला पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो तिथं पाइप छपरातून निघतो त्या भोकाभोवतीची पत्र्याची कॉलर नीट बसली नाही तर शेगडीचं कौतुक पहिल्याच पावसात संपतं. जस्ती पत्र्याची मान असलेली कॉलर घ्या. तिची वरची कड वरच्या कौलांखाली सारा, खालची कड खालच्या कौलांच्या वर येऊ द्या आणि बाजूच्या कडा इंचभर वर वळवा, म्हणजे पाणी आडवं शिरत नाही. मान पाइपला घट्ट जोडू नका, तापला की पाइप वाढतो. मानेच्या वर पाइपलाच एक छोटी पत्र्याची छत्री आवळा आणि तिच्या वरच्या कडेला उष्णता सोसणारं सिलिकॉन भरा. डांबर आणि एम-सील इथं टिकत नाहीत.

छपरातून बाहेर पडल्यावर पाइप तीन फूट उंच हवा. दहा फुटांच्या आत आढं किंवा दुसरं काही उंच असेल तर त्याहून दोन फूट वर. तोंडावर टोपी आणि वाऱ्यासाठी तीन बाजूंनी तारेचे ताण द्या. पावसाळ्यापूर्वी गवताच्या झड्या किंवा निळं प्लास्टिक बांधणारा गडी बहुधा पाइपलाच दोरी गुंडाळतो, त्याला आधीच बजावून ठेवा.

घर बंद असलं की शेगडीला हवा कमी पडते. भिंतीत चार इंची भोक पाडून जाळी बसवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून झोपायच्या खोलीजवळ त्याचा अलार्म लावाच. पहिला जाळ छोटा करा आणि खिडक्या उघड्या ठेवा, रंगाचा वास येतो. मग शेगडीच्या दाराशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर काम जमलं. बाहेर वळला तर हवेचं भोक आणि पाइपची उंची पुन्हा तपासा.

लाकूड वखारीतूनच घ्या. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. ओलं लाकूड म्हणजे नुसती काजळी. हिवाळ्यात फोडलेली लाकडं मेअखेर शेडमध्ये गेली पाहिजेत आणि पुढच्या थंडीत वापरायला काढावीत. टोपी काढून, तारेचा ब्रश घालून पाइप वर्षातून दोनदा झाडा, ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीअखेर. काजळी पाव इंच जाड दिसली तर झाडल्याशिवाय शेगडी पेटवू नका. ती काजळी पाइपातच पेट घेते.