एका हाताने संगणक चालवताना या चुका टाळा

मळणीच्या हंगामात थ्रेशरमध्ये हात गेल्याची बातमी विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याला नवी नाही. असा तरुण किंवा जन्मतःच एक हात अपुरा असलेली मुलगी संगणकवर्गात आली, की अनेक शिक्षक तिच्यापुढे माउस ठेवून मोकळे होतात आणि टायपिंग शेजारच्याकडून करून घ्यायला सांगतात. हा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही, कारण विंडोजमध्ये त्यासाठीची सोय आधीपासूनच असते.

ती म्हणजे स्टिकी कीज. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ती सुरू करायची का, असे संगणक विचारतो. घाईचे लोक तिथेच ‘नाही’ दाबतात. सुरू केल्यावर शिफ्ट दाबून सोडायची आणि मग अक्षर दाबायचे. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कळमांडणीमध्ये ‘क’चा ‘ख’ आणि ‘त’चा ‘थ’ करायलाही शिफ्ट लागते, त्यामुळे मराठी टंकलेखनात या सोयीवाचून एका हाताचे भागत नाही.

पण ती अर्धवट लावणे ही मला सर्वांत जास्त छळणारी चूक आहे. यवतमाळकडचा एक विद्यार्थी कोपरापासून हात नसलेल्या बाजूने कधी कधी शिफ्ट दाबायचा आणि दर थोड्या वेळाने म्हणायचा, “सर, हे पुन्हा बिघडलं जी.” वर्गचालकाने कीबोर्ड बदलला, विंडोज नव्याने टाकले, शेवटी दोष मुलाच्याच माथी मारला. प्रत्यक्षात स्टिकी कीजच्या सेटिंगमध्ये, दोन कळा एकदम दाबल्यास सोय आपोआप बंद करण्याची एक खूण असते आणि ती तशीच राहिली होती. विंडोज आणि यू दाबून सेटिंग उघडायचे आणि ती खूण आधी काढायची, ही माझी सवय आहे.

याच्या उलट भानगड फिल्टर कीज या दुसऱ्या सोयीची. उजव्या शिफ्टवर हाताचा भार आठ सेकंद राहिला आणि समोरच्या प्रश्नाला नकळत होकार गेला, की झटपट दाबलेल्या कळा संगणक मोजतच नाही आणि कीबोर्ड मेला असे वाटते. दुकानात धाव घेण्याआधी उजवी शिफ्ट पुन्हा आठ सेकंद धरून पाहावी. या सोयीची गरज नसेल, तर तिचा हा शॉर्टकटच सेटिंगमधून बंद करावा.

सामायिक खात्यात या सोयी लावू नका. पुढच्या तुकडीतले कोणी तरी त्या नक्की बंद करते. प्रत्येकाला वेगळे खाते द्या.

डावखुऱ्या वापरासाठी माउसची बटणे अदलाबदल करून घ्या.

माउसही धरवत नसेल, तर माउस कीज सुरू करून अंकांच्या कळांनी बाण हलवता येतो. ५ म्हणजे क्लिक, ० ने वस्तू धरायची, टिंबाने सोडायची. मात्र अनेक लहान लॅपटॉपना अंकांचा वेगळा भागच नसतो. त्यांना यूएसबीचा सुटा नंबरपॅड जोडावा.