लग्नाला गेले आणि गाण्यातून गेले

आधीच सांगते, मी कोणी मोठी नाही. माझं एक गाणं तुम्ही कदाचित ऐकलंही असेल पण माझं नाव माहीत नसणार, आणि ते का माहीत नसणार हेच सांगायला बसलेय. मागच्या दीड-दोन महिन्यात तीन वेगवेगळ्या पोरींनी विचारलं की ताई आमचा चौघी-पाच जणींचा ग्रुप झालाय, ओरिजनल सिंगल, म्हणजे स्वतःचं एक सुटं गाणं, काढायचंय, कुठून सुरू करू. माईक कुठला, इंटरफेस कुठला, डिस्ट्रिब्युटर (गाणं ॲप्सवर चढवणारी कंपनी) कुठला हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल, ते सोडून देते. मी सांगणार आहे वॉनाबी या गाण्याबद्दल. हो तेच, स्पाईस गर्ल्स या पाच ब्रिटिश पोरींच्या ग्रुपचं. हसू नका, मीही आधी हसलेच होते.

आमच्या घरी ती कॅसेट मोठ्या मावसबहिणीची होती. 1997 ला स्पाईस गर्ल्स चॅनल व्हीच्या अवॉर्ड्सला दिल्लीला आल्या होत्या तेव्हा ही बया सांगलीत टीव्हीसमोरून जेवायलासुद्धा उठली नव्हती असं मावशी अजून सांगते. म्हणजे गाणं माझ्या कानात लहानपणापासून होतं, पण ते बनलं कसं हे मी कॉलेजात असताना वाचलं आणि जे वाचलं त्यातली एकच ओळ डोक्यात धरली. ती म्हणजे हे गाणं अर्ध्या तासात लिहिलं आणि तासाभराच्या आत रेकॉर्ड केलं. झालं. आमच्या ग्रुपचा तो मंत्रच झाला. प्रॅक्टिसला कोण उशिरा आलं, ब्रिज (कोरसाआधीचा वेगळा तुकडा) नाही सुचला, हार्मनी जमली नाही, की कोणीतरी म्हणायचंच, अगं वॉनाबी अर्ध्या तासात झालेलं.

आता त्या अर्ध्या तासाच्या मागे काय होतं ते बघा. 1994 ला लंडनमध्ये 'द स्टेज' या पेपरात जाहिरात आली, 18 ते 23 वयाच्या, नाचता-गाता येणाऱ्या, चटपटीत मुली पाहिजेत. शेकड्यांनी मुली आल्या, त्यातून पाच निवडल्या, त्यातली एक नंतर गेली आणि तिच्या जागी एमा बंटन आली. मग लंडनजवळच्या मेडनहेडला एका घरात पाचही जणी एकत्र राहिल्या, रोज तालीम, रोज भांडणं, रोज तीच तीच गाणी. हे कित्येक महिने. नंतर मॅट रो आणि रिचर्ड स्टॅनर्ड या दोघा गीतकार-प्रोड्युसरांबरोबर लंडनमधल्या शोरडिचच्या स्ट्राँगरूम स्टुडिओत बसल्या तेव्हा रोने एमपीसी 3000 या ताल वाजवणाऱ्या मशीनवर एक ड्रम लूप, म्हणजे सारखा फिरणारा ताल, लावला आणि गाणं धाडधाड बाहेर आलं, पण ते अशासाठी की गाण्याचे बरेच तुकडे या मुलींकडे आधीपासून तयार होते. सुरुवातीला पळणाऱ्या पावलांचा आवाज आणि त्यांच्यातल्या मेल बीचं ते हसणं आहे ना, त्याने वाटतं की आत्ता सुचलं आणि आत्ता गायलं. तसं वाटावं म्हणूनच ते ठेवलेलं असणार असं मला वाटतं. अर्ध्या तासाची गोष्ट खोटी नाही, अर्धवट आहे. आपल्याकडे गवय्याने मैफलीत एक जागा सहज घेतली की आपण वा म्हणतो, त्यामागची दहा वर्षं कोण मोजतं.

पण मी ज्या खड्ड्यात पडले तो हा नव्हे. तो पुढे आहे, आणि तो मी जरा सावकाश सांगणार, कंटाळा आला तरी वाचा.

वॉनाबीच्या त्या सेशनला व्हिक्टोरिया, म्हणजे आताची व्हिक्टोरिया बेकहॅम, बहुतेक वेळ नव्हतीच. एका लग्नाला गेली होती. फोनवरून काय चाललंय ते ऐकत होती, मध्ये बोलत होती. म्हणून गाण्यात तिची स्वतःची एकही सोलो ओळ नाही, बाकी चौघींच्या आहेत, ती मागच्या आवाजांत. आणि तरी गाण्याच्या लेखकांत 7 नावं आहेत, पाच मुली आणि ते दोघे. व्हिक्टोरियाचं नाव त्यात आहे. पाच जणींचा जो काही वाटा असेल तो पाच जणींत सारखा, कोण त्या दिवशी किती बोललं, कोण किती गायलं हे बघायचं नाही, असं त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. ती लग्नात बुफेच्या लाईनीत उभी होती तेव्हासुद्धा ती त्या गाण्याची लेखिका होती.

मीपण लग्नालाच गेले होते.

चुलतबहिणीचं लग्न, कराडला, मी करवली. रेकॉर्डिंग शनिवारी होतं, स्टुडिओवाल्याने स्लॉट बदलून गुरुवारी केलं, गुरुवारी हळद. मी ग्रुपवर लिहिलं की मी नाही येऊ शकत, तर सगळ्या म्हणाल्या जा गं, काळजी नको, तुझ्या लाईनी आम्ही गातो. तुझ्या लाईनी! हे शब्द त्यांचेच आहेत. कारण कोरसची चाल आणि त्यातल्या दोन ओळी माझ्या होत्या, तीन महिने आधी रात्री साडेअकराला मी त्या व्हॉट्सॅपवर व्हॉईस नोट करून पाठवलेल्या, मागे आमच्या कुकरची शिट्टी पण ऐकू येते. हळदीच्या दिवशी मी मांडवामागे जाऊन फोनवर ऐकत होते, एका ठिकाणी चाल खाली येत होती तर म्हटलं तिथे उतरू नका, वरच थांबा. थांबल्या. आजही ते गाणं तिथे वरच थांबतं.

गाणं दोन महिन्यांनी आलं. गीत आणि संगीत मिळून चार नावं, त्यातलं एक ज्याला आम्ही दादा म्हणायचो त्या प्रोड्युसरचं आणि तीन मुलींची. माझं आणि अजून एकीचं नाव नाही. विचारलं तर दादा म्हणाला, अगं तू सेशनला नव्हतीस ना, जे होते त्यांची नावं टाकली, आणि आपण काय परके आहोत का. गाणं रील्सवर बरंच चाललं, तीन कॉलेजांच्या गॅदरिंगला मी स्वतः ऐकलं, एकदा तर शेजारची मुलगी मला शिकवायला लागली की कोरस असा नाही असा आहे.

तर, स्प्लिट शीट. नाव इंग्रजी आहे पण वस्तू म्हणजे एक साधा कागद आहे, त्यावर गाण्याचं नाव, तारीख, लिहिणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, कोणाचे किती टक्के, बेरीज 100, आणि सगळ्यांच्या सह्या. बस. तो कागद स्टुडिओत जायच्या आधी भरायचा. गाणं चाललं की नाही हे कळल्यावर नाही, मिक्स (सगळे आवाज नीट एकत्र बसवणं) झाल्यावर नाही, डिस्ट्रिब्युटरचा फॉर्म भरताना तर अजिबात नाही कारण तो फॉर्म एकटा माणूस रात्री दोनला भरत असतो आणि त्याला जी नावं आठवतात ती तो टाकतो. कागदावर एक ओळ अशी लिहायचीच की रेकॉर्डिंगच्या दिवशी कोण हजर होतं याचा टक्क्यांशी संबंध नाही. ही ओळ कुठल्याही रेडिमेड नमुन्यात मला दिसली नाही, ही माझी ओळ आहे, फुकट घ्या.

आणि हे नीट समजून घ्या की गाणं म्हणजे एक वस्तू नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराईट कायद्यात शब्द वेगळे, चाल वेगळी आणि रेकॉर्डिंग वेगळं. गायलात म्हणून गायिकेचे हक्क मिळतात, पण गायलात म्हणून लेखिका होत नाही, आणि उलट तुम्ही एक सूरही गायला नसाल तरी चाल तुमची असेल तर ती तुमचीच. मला हे उलटं वाटायचं, वाटायचं की आवाज नाही तर हक्क नाही, म्हणून मी वर्षभर गप्प बसले. कॉपीराईट रजिस्टर केला नाही तरी तो असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनेच द्यावे लागतात, त्यात मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कोणी सही घेऊन काढून नाही घेऊ शकत, तो फक्त वारसाला किंवा आयपीआरएससारख्या, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीलाच देता येतो. किती छान कायदा आहे! पण तो लागू व्हायला लेखकांच्या यादीत आधी तुमचं नाव लागतं, आणि ते सिद्ध करायला माझ्याकडे होती कुकरच्या शिट्टीवाली व्हॉईस नोट. ती पण जुन्या फोनमध्ये. फोन बदलताना बॅकअप घेतला नव्हता. झालं कल्याण. म्हणून व्हॉईस नोट स्वतःला ईमेल करून ठेवा, तारखेसकट.

घाबरवत नाहीये. सगळे प्रोड्युसर असे नसतात, मी आता ज्यांच्याबरोबर काम करते ते स्वतःच विचारतात की टक्के काय लिहू. पण माझं एक मत आहे, कोणाला लागलं तर लागू दे. जो मेंटॉर पैशाचा विषय निघाला की 'आपण घरचेच' म्हणतो तो घरचा नसतो. घरातलेसुद्धा शेताची वाटणी तलाठ्याकडे नोंदवतात. आणि तीन महिन्यांत हिट सॉंगरायटर बनवणारे जे कोर्स आहेत त्यात मी एक केलाय, त्यात कॉर्ड शिकवले, हुक (गाण्याचा डोक्यात बसणारा तुकडा) शिकवला, ट्रेंडिंग ऑडिओ कसा पकडायचा ते शिकवलं, करारावर एक तास नाही. स्पाईस गर्ल्सना पहिल्या मॅनेजमेंटने करार दिले तेव्हा त्यांनी वकिलाचा सल्ला घेत, व्हिक्टोरियाच्या वडिलांचं ऐकून सही लांबवत नेली आणि 1995 मध्ये सही न करताच तिथून बाहेर पडल्या. विशीतल्या पोरी होत्या. गाणं अर्ध्या तासात, सही मात्र महिनोन् महिने नाही. आम्ही बरोब्बर उलटं केलं.

आता जरा बरं वाटेल असं. तुमचं गाणं पहिल्यांदा ऐकवाल तेव्हा लोक म्हणतील हे नको, दुसरं आहे का. वॉनाबीलाही हेच झालं. व्हर्जिन रेकॉर्ड्स या त्यांच्या लेबलमध्ये, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीत, पहिलं सिंगल म्हणून दुसरी गाणी पुढे करत होते, मुली आणि त्यांचा नवा मॅनेजर सायमन फुलर अडून बसले की हेच. मिक्सचंही तेच, एकदा अमेरिकेत मिक्स करून घेतलं ते मुलींना पसंत पडलं नाही, मग मार्क 'स्पाईक' स्टेंट या मिक्स करणाऱ्याने केलेलं ठेवलं. व्हिडिओ एप्रिल 1996 मध्ये लंडनच्या सेंट पँक्रसमधल्या जुन्या मिडलंड ग्रँड हॉटेलात, रात्री, कडाक्याच्या थंडीत, एका सलग शॉटसारखा. खरं तर बार्सिलोनाला करायचा होता, परवानगी मिळाली नाही. लेबलला तो अंधारा वाटला. आणि मग 'द बॉक्स' नावाच्या चॅनलवर, जिथे लोक फोन करून व्हिडिओ मागवायचे, तिथे तो धो धो मागवला गेला. 8 जुलै 1996 ला यूकेत सिंगल आलं, चार्टवर 3 नंबरला उघडलं, दुसऱ्या आठवड्यात 1 वर आणि तिथे 7 आठवडे. त्या वेळी मुली जपानमध्ये होत्या, टॉप ऑफ द पॉप्स या बीबीसीच्या गाण्यांच्या कार्यक्रमात सॅटेलाईटवरून गायल्या. अमेरिकेत जानेवारी 1997 मध्ये बिलबोर्डच्या चार्टवर 11 नंबरला शिरलं, फेब्रुवारीत 1 झालं, 4 आठवडे राहिलं. मार्च 1997 पर्यंत 37 देशांत एक नंबर.

समीक्षक मात्र नाक मुरडत होते, संगीतवाली ब्रिटिश मासिकं तर फारच. त्याच गाण्याला 1997 चं ब्रिट अवॉर्ड मिळालं. 2014 मध्ये एका प्रयोगात हजारो लोकांना गाण्यांचे तुकडे ऐकवले तर सगळ्यात पटकन ओळखू आलं ते वॉनाबी, सरासरी 2.29 सेकंदात.  म्हणून पहिल्या तीन सेकंदांवर जीव लावा, कोणी बालिश म्हटलं तरी. हा एकच शॉर्टकट मला मान्य आहे आणि तो शॉर्टकटही नाही, खूप वेळ खातो.

एक राहिलं. मैत्रिणींचं काय झालं, सगळ्या विचारतात. माझ्यासारखंच नाव नसलेली जी होती तिने गाणं सोडलं, बँकेच्या परीक्षा देते, बरी आहे. नाव असलेल्या तिघींशी दीड वर्ष बोलणं नव्हतं. त्यांनाही फार पैसे मिळाले असं नाही, मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, दादाच्या नावावर होता, हे मला उशिरा कळलं आणि खरं सांगू, पहिल्यांदा बरं वाटलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. त्यातल्या एकीचा परवा फोन आला. नवीन गाणं आहे, दुसऱ्या कोणाबरोबर, स्लॉट रविवारचा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारते, ते टक्के कसे लिहायचे असतात गं?

सांगितलं. पाऊण तास सांगितलं. माझी ती ओळ पण दिली.