न्यूयॉर्कमधल्या राष्ट्राध्यक्षांच्या दुर्लक्षित जागा एका दिवसात कशा बघायच्या

न्यूयॉर्कला गेलं की सगळे टाइम्स स्क्वेअर आणि स्टॅच्यू ऑफ लिबर्टी करून येतात, पण अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या कितीतरी जागा मॅनहॅटनमधे अगदी रस्त्यालगत आहेत आणि बऱ्याचशा ६ नंबरच्या सबवेवर येतात.

आदल्या दिवशी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर टायमिंग बघून ठेवा, फेडरल हॉल आणि थिओडोर रूझवेल्टचं घर रोज उघडं नसतं. दोन्हीकडे तिकीट नाही.

सकाळी वॉल स्ट्रीटच्या फेडरल हॉलपासून सुरू करा. ३० एप्रिल १७८९ ला वॉशिंग्टननी पहिली शपथ घेतली ती या जागेवर, पण तेव्हाची बिल्डिंग १८१२ मधेच गेली, आत्ताची १८४२ ची. तिथून ब्रॉडवेने चालत सेंट पॉल्स चॅपलला या. शपथ झाल्यावर वॉशिंग्टन इथे प्रार्थनेला आले होते, आणि ही वास्तू खरोखर त्यांच्या काळातली, १७६६ ची.

मग ब्रुकलिन ब्रिज-सिटी हॉल स्टेशनवर अपटाउनची ६ पकडून २३ व्या स्ट्रीटला उतरा. २८ ईस्ट २० व्या स्ट्रीटवर थिओडोर रूझवेल्ट १८५८ मधे जन्मले. मूळ घर १९१६ मधे पाडलं, नंतर होतं तसं बांधून १९२३ मधे उघडलं.

आता माझी सगळ्यात आवडती जागा, इथे घाई करू नका. चालत १२३ लेक्सिंग्टन अव्हेन्यूला जा. खाली कलुस्त्यान्स नावाचं मसाल्यांचं दुकान, हळद, डाळी, लोणची सगळं मिळतं, आपली लोकं वर्षानुवर्षं इथे सामान भरतात आणि दारापाशी एक पाटी आहे ती कोणी वाचतच नाही. हे चेस्टर आर्थर यांचं घर. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्डना जुलै १८८१ मधे गोळी लागली, १९ सप्टेंबरच्या रात्री ते गेले आणि उपराष्ट्राध्यक्ष आर्थरनी २० तारखेला पहाटे दोनच्या सुमारास याच घरात शपथ घेतली, पुढे १८८६ मधे ते वारलेही इथेच. पाटी नीट वाचा, फोटो काढा, मग खरेदी. जेवण पण इथेच उरका, आजूबाजूला डोश्याची हॉटेलं आहेत.

पुन्हा ६ ने ६८ व्या स्ट्रीटला. ६५ व्या स्ट्रीटवर फ्रँकलिन रूझवेल्टच्या आईने १९०८ मधे बांधलेलं जोडघर आहे, एक भाग स्वतःला आणि एक मुलगा-सुनेला. आता ते हंटर कॉलेजकडे आहे, टूरचं आधीच विचारून ठेवा.

राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची समाधी दुसऱ्या दिवशीच करा, ती १ नंबरच्या लाइनवर आहे. ११६ व्या स्ट्रीटला उतरलात तर समोरच कोलंबिया युनिव्हर्सिटी, १९१३ ते १९१६ बाबासाहेब इथे शिकले, लेहमन लायब्ररीत त्यांचा पुतळा आहे, आत सोडतात का ते गेटवर विचारा, आणि मग रिव्हरसाइड ड्राइव्हने १२२ व्या स्ट्रीटपर्यंत चालत समाधीला जा.