काळ्या दगडाचं देऊळ कसं वाचायचं

मी आठवडे बाजारात भांड्यांचं पाल लावतो. चाळीसगाव तालुक्यातली बरीच गावं त्या निमित्ताने पायाखालची. उन्हाळ्यात दुपारी गिऱ्हाईक आटलं की गावच्या जुन्या देवळात जाऊन भाकरी सोडायची, ही सवय. तिथूनच हा नाद लागला.

पहिलं काम म्हणजे ‘हेमाडपंती’ या शब्दावर थांबायचं नाही. काळा दगड, चुना न घालता खाचेत बसवलेला, की आपल्याकडे लगेच हेमाडपंती. हेमाडपंत हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा प्रधान, म्हणजे 1260 नंतरचा. आणि आपल्या वाघळीच्या देवळातला शिलालेख शके 991 चा. शकात 78 मिळवा: इ.स. 1069. पंतांच्या आधी जवळजवळ दोनशे वर्षं!

लेख शोधायला भर दुपारी जाऊ नका. मी पहिल्यांदा तेच केलं. खांब हातानं चाचपला, काही नाही म्हणून उठलो. परत निघताना दिवेलागणीला सहज बॅटरी मारली, ती भिंतीला चिकटून, आडवी. दगडावर ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या. तेव्हापासून बॅटरी समोरून धरत नाही. एका कडेला टेकवून हळूहळू फिरवतो. अक्षरं उठावीत म्हणून पीठ, खडू, तेल चोळणारे भेटतात. चोळू नका. शेंदूर किंवा ऑइलपेंट बसलेला असेल तर खरवडूही नका; गुरवाला विचारा, रंग लागण्याआधीचं त्याच्या आजोबांनी सांगितलेलं काहीतरी त्याला आठवत असतं.

अक्षरं ओळखीची वाटतात पण अडवतात. जुन्या लेखनात एकाराची मात्रा बऱ्याचदा डोक्यावर नसते, अक्षराच्या आधी उभ्या रेघेसारखी येते. ‘दे’ वाचायला जाल तर आधी काना दिसेल. त्यामुळे अंदाजानं शब्द पुरा करायचा नाही. दिसेल तसं अक्षर वहीत काढायचं, तुटलं असेल तिथे टिंबं. आधी ‘शके’ शोधा, आकडे त्याच्याच आसपास असतात.

हे सगळं कशासाठी, तर चाळीसगावजवळच्या पाटणसाठी. पाटणादेवीला आपण नवस फेडायला जातो, पण तिथला शके 1128 चा, म्हणजे 1206-07 च्या सुमाराचा लेख फार थोडे पाहतात. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ हा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला तिथल्या निकुंभ घराण्यातल्या राजांनी दान दिलं. बहुतेक मजकूर संस्कृत. शेवटच्या ओळी मात्र मराठी, आणि त्या सरळ बाजाराच्या! पाटणात जे ‘केणें’, म्हणजे विक्रीचा माल, उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला येणारं उत्पन्न मठाला ‘दीन्हला’, म्हणजे दिलं. तेलाच्या घाण्यांमागे पळी पळी तेल. आमच्याकडे आज पंचायतीचा माणूस पावती फाडतो, तेव्हा मला हे केणें आठवतं. ग्रहगणिताची शाळा चालली ती बाजाराच्या पैशावर.

म्हणून देवळाबरोबर त्याची जमीनही विचारा. सातबाऱ्यावर ‘देवस्थान इनाम, वर्ग 3’, म्हणजे देवाला इनाम दिलेली जमीन, असं सापडलं तर वहीत टिपा. आवाराबाहेरही फिरा. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, कधी पाणवठ्यावर धुण्याचा दगड होऊन पडलेला असतो: खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. खालच्या चौकटीत गाई दिसल्या तर भांडण गुरांवरून झालं असं समजा.

फोटो घेताना शेजारी मापाचं काहीतरी ठेवा, नाहीतर घरी गेल्यावर दगड वीतभर होता की हातभर ते कळत नाही. मी पितळी पळी ठेवतो. बाजाराच्या दिवशी ती पोत्यात असतेच.