एकाच डब्यात हिवाळ्याचं दही आणि उन्हाळ्याचं

नाशिकच्या थंडीत विरजण लागत नाही आणि एप्रिलमध्ये लागलेलं दही दुपारपर्यंत आंबून जातं. माझ्या भाड्याच्या खोलीत फ्रिज नाही. म्हणून थर्मोकोलच्या डब्याच्या झाकणात पेल्टियर बसवला. १२७०६ नावाने मिळणारी ४० मिमीची ही चौकोनी चकती एका बाजूची उष्णता उचलून दुसऱ्या बाजूला टाकते. प्लस-मायनस उलटे केले की उचलायची बाजूही उलटते. १८३८ साली लेंझ या भौतिकशास्त्रज्ञाने असंच बिस्मथ आणि अँटिमनी या दोन धातूंच्या सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवला आणि प्रवाह उलटा करून वितळवला होता.

आत छोटा हीटसिंक (उष्णता पसरवणारा पट्ट्यापट्ट्यांचा धातूचा तुकडा), बाहेर कॉम्प्युटरचा मोठा हीटसिंक पंख्यासकट, मध्ये चकती. दोन्ही अंगांना थर्मल पेस्ट, अगदी पातळ. चकती चार मिमीच्या आसपास आणि झाकण जाड, म्हणून आतल्या बाजूला ॲल्युमिनियमचा ठोकळा घातला. आवळायच्या स्क्रूंना नायलॉनचे वॉशर लावा, नाहीतर उष्णता स्क्रूमधूनच परत येते. हीटसिंकशिवाय चकती क्षणभरही चालवून बघू नका. आतलं सोल्डर सुटतं.

दिशा बदलायला सहा पिनांचा डीपीडीटी स्विच (दोन्ही वायरी एकदम बदलणारा), दहा अँपिअरचा. मधल्या दोन पिना चकतीला, वरच्या दोन सप्लायला, आणि वरून खाली तिरप्या दोन वायरी. पंखा मात्र थेट सप्लायवर घ्या. मी तो स्विचनंतर जोडला होता. उलट दिशेला पंखा बंदच, आणि मी तासभर सप्लायला शिव्या देत बसलो.

ठरलेल्या तापमानाला चकती चालू-बंद करायला थर्मोस्टॅट आहे. थंडीत तो ‘एच’वर (तापवणं), ४२ अंश. उन्हाळ्यात ‘सी’वर (गार करणं). नुसता स्विच फिरवून हे सेटिंग विसरलात, तर थर्मोस्टॅट चकती वेळेवर बंदच करणार नाही, ती चालतच राहील. दिशा बदलण्याआधी पाचेक मिनिटं बंद ठेवा, एकदम उलटवलं तर चकतीला तडे जाऊ शकतात.

जास्त व्होल्ट म्हणजे जास्त गारवा, असं नाही. उष्णता उचलणं प्रवाहाच्या प्रमाणात वाढतं, चकतीचं स्वतःचं तापणं मात्र वर्गाच्या. माझ्याकडे १२ व्होल्टवर आतली बाजू आधी गारठली, मग कोमट होत गेली. ८ वर आणलं तेव्हा कुठे गार राहिली.

वीज गेली की बाहेरच्या तापलेल्या हीटसिंकची उष्णता चकतीतूनच आत शिरते. भारनियमनाच्या दिवशी मी दही काढून माठाशेजारी ठेवतो.