टबातला काळा भुंगा ओळखताना

जुलैत आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या गच्चीवर, कमळाच्या टबात एखादा काळा तुळतुळीत भुंगा येऊन पडतोच. रात्री दिव्याला भुलतो बिचारा. बोटाच्या पेराहून मोठा असेल तर हायड्रोफिलसची, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या एका मोठ्या काळ्या भुंग्याची, शंका घ्या आणि न पकडता त्याचा श्वास बघा. डोक्याकडून वर येऊन मिशीने हवा घेतली तर शंका बळावते. मागचं टोक वर काढलं तर तो शिकारी पाणभुंगा, कुळच वेगळं. हायड्रोफिलस पोहतो तेही आळीपाळीने पाय मारत, चालल्यासारखा. पोटाखाली हवेचा चंदेरी थर चमकतो. उचलायचाच तर कडेने धरा, छातीखालचा काटा मला एकदा चांगलाच टोचलाय. येऊरच्या जंगलातून मात्र आणू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे.